सेंट लुईस युनियन स्टेशन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात, सेंट लुईस शहराच्या मध्यवस्तीत हे जुनं रेल्वे स्टेशन उभं आहे. आज त्यात हॉटेल, मत्स्यालय, आकाशपाळणा आणि खाण्यापिण्याची ठिकाणं आहेत. शिकागोहून गाडीनं खाली येणारी मराठी कुटुंबं, मुलांकडे उन्हाळ्यात आलेले आईवडील, कामानिमित्त दोन दिवस थांबलेली माणसं अशा सगळ्यांना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तिकिटांचे दर आणि वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून आकडे न देता काय तपासायचं ते सांगितलं आहे.

हे स्टेशन आहे, हॉटेल आहे की करमणुकीचं ठिकाण?

इमारत स्टेशनची, वापर बाकीच्या दोन्हींचा. १ सप्टेंबर १८९४ रोजी स्टेशन सुरू झालं आणि ३१ ऑक्टोबर १९७८ रोजी शेवटची प्रवासी गाडी इथून सुटली. ऑगस्ट १९८५ मध्ये हॉटेल आणि बाजारपेठ म्हणून ते पुन्हा उघडलं. मत्स्यालय आणि आकाशपाळणा २०१९ चे.

आमचं स्पष्ट मत आहे की इथे आधी इमारत पाहायला यावं आणि मग बाकीचं. शार्क आणि आकाशपाळणे अमेरिकेत अनेक शहरांत आहेत. हा दिवाणखाना (ग्रँड हॉल, जुनं प्रतीक्षालय) आणि रुळांवरचं हे लोखंडी छप्पर (शेड) दुसरीकडे कुठेही नाही. पुष्कळ लोक पार्किंगमधून थेट मत्स्यालयात जातात, तिथूनच परत फिरतात आणि मुख्य इमारतीत पाऊलही टाकत नाहीत. ते होऊ नये म्हणून पुढची बरीच उत्तरं लिहिली आहेत.

आता इथे आगगाडीनं येता येतं का?

लांब पल्ल्याच्या गाडीनं नाही. सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. ॲमट्रॅक या अमेरिकेतल्या राष्ट्रीय प्रवासी रेल्वेच्या गाड्या (शिकागोची लिंकन सर्व्हिस, कॅन्सस सिटीची मिसूरी रिव्हर रनर, टेक्सास ईगल) गेटवे या वेगळ्या स्टेशनवर थांबतात. ते पूर्वेला, चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. तिकीट काढताना फक्त ‘सेंट लुईस’ दिसतं आणि माणसं हॉटेलच्या दारातच उतरू असं गृहीत धरतात. सामान जड असेल किंवा गाडी रात्री उशिरा पोचत असेल तर टॅक्सी करा.

शहरी मेट्रोलिंक मात्र थेट येते. तिच्या थांब्याचं नावच युनियन स्टेशन आहे आणि तो अठराव्या रस्त्याच्या बाजूला, इमारतीला लागून आहे.

नकाशावर ‘युनियन स्टेशन’ टाकलं की भलतंच शहर दिसतं. असं का?

अमेरिकेत रेल्वे खासगी कंपन्यांच्या होत्या. अनेक कंपन्यांनी मिळून एकच स्टेशन बांधलं की ते युनियन स्टेशन. त्यामुळे शिकागो, वॉशिंग्टन, डेन्व्हर, लॉस एंजेलिस, सगळीकडे एकेक आहे. खरा घोटाळा होतो तो कॅन्सस सिटीचा, कारण तेही मिसूरी राज्यातच आहे, तेही भव्य आहे आणि तिथेही मुलांसाठी विज्ञानकेंद्र आहे. ‘युनियन स्टेशन, मिसूरी’ असं शोधलं तर तेच समोर येऊ शकतं आणि दोन्हींमध्ये मोटारीनं जवळपास चार तासांचं अंतर आहे. हॉटेल, मत्स्यालय किंवा पार्किंग आरक्षित करताना ‘सेंट लुईस’ आणि ‘१८२० मार्केट स्ट्रीट’ हा पत्ता दोन्ही जुळतात का ते पाहा.

आत जायला पैसे पडतात का?

ग्रँड हॉल, मुख्य जिना, शेडखालचा मोकळा भाग हे सगळं विनामूल्य. हॉटेलात राहत नसलात तरी चालतं, कोणी अडवत नाही. मत्स्यालय, आकाशपाळणा, कॅरूसेल (फिरते घोडे), मिनी गोल्फ, आरशांचा भुलभुलैया, दोरांवरची कसरत यांना वेगवेगळी तिकिटं आहेत. एकत्रित तिकीट घेण्याआधी मुलं खरोखर किती गोष्टी करतील ते ठरवा, कारण चार-पाच तासांत सगळं होत नाही.

एक अडचण येऊ शकते. ग्रँड हॉल लग्नांसाठी आणि कंपन्यांच्या समारंभांसाठी भाड्यानं दिला जातो आणि शनिवारी संध्याकाळी त्याचा काही भाग बंद असू शकतो. फक्त हॉल पाहण्यासाठी लांबून येत असाल तर त्या दिवशी समारंभ आहे का, हे हॉटेलला फोन करून विचारा. कामाच्या दिवशी सकाळी हॉल बहुधा निवांत मिळतो.

कुठून आत शिरावं आणि कोणत्या क्रमानं पाहावं?

मार्केट स्ट्रीटच्या मुख्य दारातून. गाडी मागच्या बाजूला लावली असली तरी बाहेरून फेरी मारून पुढे या. १८९४ मधला प्रवासी ज्या वाटेनं गाडीपर्यंत गेला त्याच वाटेनं गेलात तरच इमारतीची रचना कळते.

आधी रस्ता ओलांडून समोरच्या चौकात उभे राहा. इथून दर्शनी इमारतीची पूर्ण लांबी, लाल कौलांचं छप्पर, टोकदार बुरूज आणि घड्याळाचा मनोरा एका नजरेत येतो. वास्तुकार थिओडोर लिंक. घडण रोमनेस्क पद्धतीची आहे, म्हणजे जाड चुनखडीच्या भिंती आणि अर्धगोल कमानी. दगड इंडियाना राज्यातला आहे. दक्षिण फ्रान्समधल्या कार्कासोन या तटबंदीच्या शहराची छाया तिच्यावर आहे असं सांगितलं जातं आणि बुरुजांकडे पाहून ते पटतं.

मग आत या. समोरचा मोठा जिना चढून ग्रँड हॉलमध्ये पोचता. हे स्टेशनचं प्रतीक्षालय होतं आणि आज ही हॉटेलची लॉबी आहे. पिंपासारखं अर्धगोल छत जमिनीपासून ६५ फूट उंच जातं. सोनेरी वर्ख, हिरवट छटा, रंगीत काचा, भिंतींवरचं उठावाचं नक्षीकाम आणि दिवे उंच धरलेल्या स्त्रीमूर्ती आहेत. इथे कोचावर बसून निदान पंधरा मिनिटं वर पाहा. फोटो काढायचे असतील तर हॉलच्या अरुंद टोकाला जाऊन लांबीच्या दिशेनं काढा. मधे उभं राहून काढलेल्या फोटोत छताचा बाक येत नाही.

हॉलनंतर मागच्या बाजूला जा. स्टेशनचे तीन भाग एकामागे एक होते. पुढे हेडहाऊस, म्हणजे तिकिटं, प्रतीक्षालय आणि हॉटेल. मधे मिडवे, म्हणजे सगळ्या फलाटांची फाटकं जिथे उघडत ती लांबच लांब आडवी जागा. आणि मागे ट्रेन शेड, म्हणजे रुळांवरचं छप्पर. हे नीट लक्षात ठेवलं की आजच्या दुकानांच्या, सभागृहांच्या आणि बोर्डांच्या गर्दीतही जुनं स्टेशन दिसू लागतं.

कुजबुजणारी कमान कुठे आहे? आम्ही गेलो, पण काहीच ऐकू आलं नाही.

ती मुख्य जिन्यापाशी, मार्केट स्ट्रीटच्या दाराच्या वरच्या अंगाला आहे. कमानीच्या एका पायथ्याशी पुटपुटलेलं सुमारे ४० फुटांवरच्या दुसऱ्या पायथ्याशी स्पष्ट ऐकू येतं. बांधकामाच्या वेळी एका कामगाराच्या हातून हातोडा पडला आणि पलीकडच्या रंगाऱ्याला तो अगदी शेजारी पडल्यासारखा ऐकू आला, तेव्हा हा गुण कळला अशी कथा इथे सांगतात.

ऐकू न येण्याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं, माणसं एकमेकांकडे तोंड करून बोलतात. तसं नाही करायचं. दोघांनीही एकमेकांकडे पाठ करून कमानीच्या पायथ्याशी भिंतीकडे तोंड करायचं. बोलणाऱ्यानं तोंड दगडापासून चार-पाच बोटांवर आणून कमानीच्या वळणात बोलायचं, ऐकणाऱ्यानं कान तितकाच जवळ न्यायचा. दुसरं, लोक जोरात बोलतात. मोठा आवाज सगळीकडे पसरतो आणि हॉलमध्ये घुमतो, त्यामुळे कमानीवरून आलेला आवाज वेगळा कळत नाही. कुजबुजच हवी. तिसरं, वेळ. संध्याकाळी हॉलमधला बार भरलेला असतो आणि संगीत सुरू असतं. सकाळी जा.

यामागे यंत्र किंवा नळी काही नाही. वळणदार पृष्ठभागाला चिकटून आवाज पुढे सरकतो आणि खोलीभर विखुरत नाही. विजापूरच्या गोलघुमटात सज्ज्यावर बसून केलेली कुजबुज पलीकडे पोचते, तोच नियम इथे एका कमानीत लागू पडतो. जिन्याजवळ उभे राहताना मुलांचा हात धरा, कारण ऐकण्याच्या नादात पायरी चुकते.

रंगीत काचेच्या खिडकीत कोण आहे?

तीन स्त्रिया, म्हणजे त्या काळातल्या रेल्वेच्या तीन मोठ्या शहरांची रूपं. मधली सेंट लुईस, दोन बाजूंना न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को. पूर्व किनारा, पश्चिम किनारा आणि दोन्हींना जोडणारे आम्ही, असा या शहराचा दावा त्यात आहे. १८९० च्या दशकात तो पोकळ नव्हता. ही खिडकीही मुख्य जिन्यावरच आहे, त्यामुळे कमान आणि खिडकी एकाच थांब्यात होतात.

छतावरचा प्रकाशाचा खेळ केव्हा असतो?

संध्याकाळनंतर, साधारण तासातासाला. ग्रँड हॉलच्या छतावर प्रक्षेपकांनी चित्रं टाकतात आणि छत हलल्यासारखं, उघडल्यासारखं भासतं. तो काही मिनिटांचाच असतो आणि पाहायला पैसे नाहीत. हंगामाप्रमाणे चित्रं आणि वेळा बदलतात. त्या दिवशीची वेळ स्वागतकक्षात विचारा आणि दहा मिनिटं आधी कोच धरा, कारण उभ्यानं मान दुखते. खाणंपिणं मागवलंच पाहिजे असं नाही, पण बारजवळच्या जागा ग्राहकांसाठी असतात.

मागचं लोखंडी छप्पर एवढं महत्त्वाचं का मानतात?

कारण बांधलं तेव्हा इतक्या रुळांना एका छताखाली घेणारं स्टेशन जगात क्वचितच होतं. अभियंता जॉर्ज पेग्रॅम. पुलांच्या कैचीचा (त्रिकोणी जोडणीच्या सांगाड्याचा) एक प्रकार त्याच्या नावानं ओळखला जातो आणि इथेही पुलाचंच ज्ञान त्यानं छपराला लावलं. रुंदी सुमारे ६०६ फूट, खाली सुरुवातीला ३२ रूळ. १९०४ च्या जागतिक प्रदर्शनासाठी स्टेशन वाढवलं. शेडखालचं क्षेत्र साडेअकरा एकर सांगितलं जातं. एकूण २२ रेल्वे कंपन्यांच्या गाड्या इथे येत आणि १९४० च्या दशकात, युद्धाच्या काळात, दिवसाला एक लाख माणसं इथून ये-जा करत.

आज छपराचा बराच पत्रा काढलेला आहे आणि सांगाडा उघडा दिसतो. त्यामुळेच तो वाचता येतो. उभे खांब, त्यावरच्या कैच्या आणि बाजूंकडे उतरत जाणारा उतार नीट पाहा. आकाशपाळण्यातून वरून पाहिलं की छपराची सगळी वळणं एकत्र दिसतात.

गाड्या स्टेशनात उलट्या यायच्या हे खरं आहे का?

खरं आहे आणि इथली ही सर्वांत सुंदर गोष्ट आहे असं आम्हाला वाटतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससारखं हेही शेवटचं स्टेशन, रूळ इमारतीपाशी संपतात. मुंबईच्या लोकलला दोन्ही टोकांना मोटरमनची केबिन असते, म्हणून ती आली तशी उलट निघते. वाफेच्या इंजिनाला ती सोय नाही. सरळ आत आलं तर ते इमारतीला तोंड लावून अडकतं, धूर थेट प्रवाशांच्या नाकात जातो आणि गाडी पुन्हा काढायला दुसरं इंजिन लावावं लागतं.

म्हणून गाडी आधी स्टेशनच्या तोंडावरून पुढे जाई. बाहेर रुळांची त्रिकोणी मांडणी होती. तिथे सांधे बदलले की गाडी मागे मागे येत शेडमध्ये शिरे. शेवटचा डबा मिडवेच्या फाटकाला सर्वांत जवळ येई आणि इंजिन दूर, शेडच्या बाहेरच्या टोकाला राही. धूर बाहेर आणि निघताना तोंड योग्य दिशेला. तोटा एवढाच की प्रत्येक गाडीची काही मिनिटं या उलट चालीत जात आणि सगळ्या गाड्या त्याच थोड्या सांध्यांवरून आत-बाहेर करत. दिवसाला शेकडो गाड्यांचं वेळापत्रक त्या सांध्यांवर तोललेलं होतं.

शेडच्या दक्षिण टोकाला उभे राहून इमारतीकडे तोंड केलंत तर गाडी कुठून आत येत असेल याचा अंदाज येतो.

ट्रूमन यांचा तो प्रसिद्ध फोटो इथलाच का?

हो. नोव्हेंबर १९४८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत हॅरी ट्रूमन प्रतिस्पर्धी टॉमस ड्यूईविरुद्ध जिंकले, पण शिकागो डेली ट्रिब्यूननं घाईनं ‘ड्यूईनं ट्रूमनला हरवलं’ असा मथळा छापून अंक काढला. ३ नोव्हेंबरला मिसूरीतल्या इंडिपेन्डन्सहून वॉशिंग्टनकडे परतताना ट्रूमन यांची गाडी इथे थांबली. शेवटच्या डब्याच्या उघड्या सज्जात उभं राहून त्यांनी तो अंक हसत उंच धरला, तोच फोटो जगभर गेला.

इतकं मोठं स्टेशन बंद कसं पडलं?

लोक मोटारीनं आणि विमानानं जाऊ लागले. १९७० मध्ये इमारतीला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, पण दर्जानं गाड्या येत नाहीत. १९७१ मध्ये ॲमट्रॅक आली तेव्हा इथे मोजक्याच गाड्या उरल्या होत्या आणि एवढी इमारत त्यांच्यासाठी उबदार ठेवणं परवडणारं नव्हतं. १९७८ नंतर ती काही वर्षं रिकामी होती. सुमारे १५ कोटी डॉलर खर्चून १९८५ मध्ये तिचा कायापालट झाला. त्या काळी अमेरिकेत जुन्या इमारतीच्या नव्या वापराचं एवढं मोठं काम क्वचितच झालं होतं. हॉटेल टिकलं, शेडखालची बाजारपेठ मात्र हळूहळू रिकामी होत गेली. २०१२ मध्ये मालकी बदलली आणि दुकानांच्या जागी मत्स्यालय आणि खेळ आणायचं ठरलं. जिथे आज शार्क फिरतात तिथे आधी कपड्यांची दुकानं होती आणि त्याआधी रूळ.

हॉटेलात राहणं गरजेचं आहे का? खोली कोणती मागावी?

गरजेचं नाही, पण एक रात्र काढणं सार्थकी लागतं. रात्री उशिरा आणि पहाटे ग्रँड हॉल जवळजवळ रिकामा मिळतो आणि तो अनुभव दिवसा येत नाही.

खोल्या पाचशेहून अधिक आहेत आणि सगळ्या सारख्या नाहीत. बहुतेक खोल्या शेडखाली नंतर बांधलेल्या भागात आहेत. त्या नीटनेटक्या, पण आधुनिक. जुन्या हेडहाऊसमधल्या खोल्या थोड्या आहेत. ‘ऐतिहासिक हॉटेल’ म्हणून आरक्षण करायचं आणि खोलीत गेल्यावर नेहमीचंच हॉटेल दिसायचं, ही तक्रार इथूनच येते. आरक्षण करताना तीन गोष्टी विचारा : खोली हेडहाऊसमध्ये की शेडच्या भागात, खिडकी बाहेर उघडते की शेडच्या आत, आणि खोली समारंभाच्या सभागृहाच्या वर आहे का. झोप हलकी असेल तर हेही सांगून ठेवा, कारण मेट्रो आणि मालगाड्यांचे मार्ग जवळच आहेत.

दाखवलेल्या भाड्यावर कर, पार्किंग आणि इतर शुल्क वेगळं लागू शकतं. शेवटचा एकूण आकडा पाहूनच तुलना करा.

मत्स्यालयाला किती वेळ लागतो?

दीड ते दोन तास. तिकीट वेळेचं असतं, ते आधी ऑनलाइन काढा. शनिवार-रविवार, शाळांच्या सुट्ट्या आणि पावसाचा दिवस या वेळी दारात उभं राहून लगेच प्रवेश मिळेल असं धरू नका. सुरुवात एका आगगाडीच्या डब्यात होते. डबा जागचा हलत नाही, खिडक्यांवरच्या दृश्यांनी प्रवास घडतो. जागेचा इतिहास ओळखून केलेली ही सुरुवात आम्हाला मनापासून आवडते. अगदी लहान मुलं अंधार आणि आवाजानं दचकतात, त्यांना आधी सांगून ठेवा.

पुढे मिसिसिपी आणि मिसूरी या दोन स्थानिक नद्यांतले मासे, पाणमांजरं, मग जगभरच्या नद्या आणि शेवटी शार्कची मोठी टाकी. तिच्यात अडीच लाख गॅलन, म्हणजे साडेनऊ लाख लिटरच्या आसपास पाणी आहे. लोक शार्ककडे धावतात. पण नद्यांचा भाग सावकाश पाहा, कारण इथल्या पाण्यातले पॅडलफिशसारखे विचित्र मासे समुद्रकिनाऱ्यावरच्या मत्स्यालयांत सहसा दिसत नाहीत.

आकाशपाळणा सुरक्षित आहे का? किती उंच?

२०० फूट उंच, ४२ बंद पाळणे, आत उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार हवा. फेरी साधारण पाव तासाची. पूर्वेला गेटवे आर्च ही शहराची प्रसिद्ध उंच कमान दिसते. सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास चढलात तर उजेड आणि दिवे दोन्ही मिळतात. विजा किंवा जोराचा वारा असेल तर पाळणा थांबवतात. एप्रिल-मे मध्ये वादळं अचानक येतात, म्हणून आकाश मोकळं असेल तेव्हाच तो करून घ्या, शेवटासाठी राखू नका.

आईबाबांना गुडघ्यांचा त्रास आहे, जमेल का?

जमेल. मुख्य जिना चढणं टाळून हॉटेलच्या बाजूनं लिफ्टनं ग्रँड हॉलमध्ये जाता येतं. अडचण अंतराची आहे. हेडहाऊसपासून शेडच्या दूरच्या टोकापर्यंत आणि परत हे चालणं बरंच होतं. एकाच फेरीत सगळं न करता आधी हॉल, मग बसून खाणं, मग मत्स्यालय असं करा. गाडी मागे लावायच्या आधी त्यांना हॉटेलच्या दाराशी उतरवून द्या.

शाकाहारी जेवण मिळतं का?

मिळतं, पण विचारून घ्यावं लागतं. पिझ्झा, बटाट्याचे तळलेले काप, सॅलड, आइस्क्रीम आणि जुन्या धाटणीच्या सोडा फाउंटनमधले मोठे मिल्कशेक हे सहज. सेंट लुईसच्या खास पदार्थांबाबत जपून राहा. ‘टोस्टेड रॅव्हिओली’ तळलेल्या करंज्यांसारखी दिसते, पण आत बहुधा मांस असतं. पातळ पापडीच्या स्थानिक पिझ्झावर ‘प्रोव्हेल’ नावाचं प्रक्रिया केलेलं चीज येतं. ते शाकाहारी दिसलं तरी चीजसाठी दूध गोठवणारं रेनेट प्राणिजन्य असू शकतं, ज्यांना चालत नाही त्यांनी चौकशी करावी. ‘गूई बटर केक’ आणि फ्रोझन कस्टर्ड या दोन्हींत अंडं असतं. सूप शाकाहारी दिसलं तरी ते कशाच्या पाण्यात शिजवलंय ते विचारा. ‘व्हेजिटेरियन’ एवढंच न म्हणता मांस, मासे, अंडं यांपैकी काय नको ते नावानिशी सांगा.

विमानतळावरून कसं यायचं?

मेट्रोलिंकच्या रेड लाइननं. लॅम्बर्ट विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलना थांबा आहे. फलाटावर जाण्याआधी तिकीट काढा. युनियन स्टेशनला पोचायला अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. भारतातून थेट विमान नाही, वाटेत विमान बदलावं लागतं. शिकागोहून मोटारीनं सुमारे ३०० मैल, साडेचार ते पाच तास.

गाडी कुठे लावायची?

स्टेशनचं पार्किंग शेडच्या दक्षिण टोकाकडे आहे. दर दिवसाप्रमाणे बदलतो. मार्केट स्ट्रीटपलीकडे फुटबॉलचं २२,५०० आसनांचं मैदान आहे आणि पूर्वेला थोड्या अंतरावर हॉकीचं एंटरप्राइज सेंटर. दोन्हींपैकी कुठेही सामना असेल त्या संध्याकाळी पार्किंग महागतं आणि सामना सुटल्यावर बाहेर पडायला पाऊण तासही लागू शकतो. येण्याआधी दोन्हींचं वेळापत्रक पाहा. सामना असेल तर मेट्रोनं या किंवा दुपारी तीनच्या आत निघा.

गाडीत बॅग, लॅपटॉप, पासपोर्ट काही ठेवू नका, सीटवर नाही आणि सीटखालीही नाही. शहराच्या मध्यवस्तीत काचा फोडून चोऱ्या होतात.

कोणत्या महिन्यात यावं?

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३२ ते ३५ अंशांवर आणि दमटपणा कोकणासारखा. शेड बाजूंनी उघडी असल्यानं मिनी गोल्फ आणि दोरांची कसरत सकाळीच उरकावी लागते. जानेवारीत रात्री तापमान शून्याखाली जातं. नाताळच्या हंगामात मुलांसाठी इथून खास आगगाडी सुटते. तिची तिकिटं फार आधी संपतात आणि तेव्हा हॉटेलही भरलेलं असतं.

समोरच्या कारंज्यातल्या मूर्ती कोणाच्या?

स्वीडिश-अमेरिकन शिल्पकार कार्ल मिलेस यांचं हे काम १९४० मध्ये उभं राहिलं. मिसिसिपी आणि मिसूरी या दोन नद्यांची भेट पुरुष आणि स्त्रीच्या रूपात दाखवली आहे, भोवती जलचर आणि जलदेवता. मूळ कल्पना लग्नाची होती, पण मूर्ती नग्न असल्यानं वाद झाला आणि नाव ‘पाण्यांची भेट’ असं ठेवलं गेलं. हिवाळ्यात पाणी बंद असतं.

एका दिवसात याच्याबरोबर आणखी काय होईल?

सकाळी गेटवे आर्च, दुपारनंतर स्टेशन हा क्रम चांगला. आर्च ६३० फूट उंच आहे आणि वर जाण्याच्या पाळण्याचं तिकीट आधी काढावं लागतं. मेट्रोनं पूर्वेकडे जाऊन एट्थ अँड पाइन किंवा लक्लीड्स लँडिंगला उतरा, तिथून चालत. मुलांना प्राणी आवडत असतील तर उलट दिशेला फॉरेस्ट पार्कमधलं प्राणिसंग्रहालय विनामूल्य आहे, पण त्याला वेगळा दिवस द्या.

खऱ्याखुऱ्या जुन्या इंजिनांची हौस असेल तर युनियन स्टेशनवर निराशा होईल. त्यासाठी शहराच्या पश्चिमेला मोटारीनं अर्ध्या तासावर नॅशनल म्युझियम ऑफ ट्रान्सपोर्टेशन आहे. वाफेची आणि डिझेलची इंजिनं तिथे रांगेनं उभी आहेत आणि अनेकांच्या अगदी जवळ जाता येतं. मेट्रो तिथपर्यंत जात नाही. ते उघड्यावर आहे, तेव्हा टोपी आणि पाणी बरोबर घ्या आणि आठवड्यातल्या बंद दिवसाची खात्री करून मगच निघा.